मेलेल्या पार्टांची पेटी

डोणगावहून मेहकरकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या अंगाला कडुनिंबाखाली एक पत्र्याचं शेड लागतं. पाटी-बिटी काही नाही. अठ्ठावीस वर्षांत पुंजाजीनं पाटी लावली नाही आणि एकही गिऱ्हाईक चुकलं नाही. बिघडलेली गाडी तिथं आपोआप पोचते, असं लोक म्हणतात. आपोआप कुठली पोचते हो, लोटत न्यावी लागते! पण नेतात तिथंच, एवढं मात्र खरं.

पुंजाजी मिस्त्री आता अठ्ठावन्न वर्षांचा. अंगानं काटक, मिशी अर्धी पांढरी, आणि उजव्या कानाच्या पाळीला कायम ग्रीसचा काळा डाग. इंजिनाच्या पोटात काय दुखतंय हे ऐकायचं असलं की हा लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून बसतो. त्या वेळी त्याच्याशी बोलायचं नाही. एकदा एका तालेवार माणसानं मध्येच तोंड घातलं, तर पुंजाजीनं डोळे न उघडता सांगितलं, "तुमी गप्प ऱ्हायले तं गाडी बोलन ना बाप्पा!"

या माणसाला एक खोड आहे. बिघडलेला पार्ट काढला, नवा लावला, गाडी सुरू झाली, की दुसऱ्या मिस्त्रीचं काम संपतं. पुंजाजीचं तिथून सुरू होतं. मेलेला पार्ट घेऊन तो ओट्यावर बसतो. उघडतो, कापतो, वास घेतो, प्रसंगी जिभेलाही लावतो. का मेला, त्याच्या बोलीत 'काऊन मेला', हे कळल्याशिवाय त्याला भाकर गोड लागत नाही. पंधराव्या वर्षी मेहकरला ज्या भाऊराव उस्तादांच्या हाताखाली तो लागला, त्यांनी हे त्याच्या डोक्यात घातलं. "पार्ट बदलते तो दुकानदार. काऊन गेला हे सांगते तो मिस्त्री," असं ते म्हणायचे. म्हणून पुंजाजीकडे एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात मेलेले पार्ट, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी. डिझेलचा पंप, त्याची चिठ्ठी : 'टाकीत गंज.' वायरचं भेंडोळं, त्याची चिठ्ठी : 'उंदीर.' गिअरचा एक दात, त्याची चिठ्ठी : 'मालकाचा राग.' त्याची बायको विमलबाई तिला मुडद्यांची पेटी म्हणते. दिवाळीला घर झाडताना दरवर्षी ती पेटी बाहेर काढते आणि दरवर्षी पुंजाजी ती परत आत नेतो.

त्याची दुसरी ओळख म्हणजे हाताचं यश. त्याचं असं झालं, की वीस वर्षांपूर्वी गोकुळ नावाच्या ड्रायव्हरनं नव्या जीपचं नारळ पुंजाजीच्या हातानं फोडून घेतलं. त्याच दिवशी उतारावर जीपचे ब्रेक गेले. अकरा माणसं घेऊन ती सरळ तुरीच्या वावरात घुसली आणि थांबली. कोणाला ओरखडा नाही! आता ब्रेक गेले यात मिस्त्रीची कसली तारीफ, पण लोकांना कोण सांगणार? तेव्हापासून दसऱ्याला पुंजाजीच्या शेडसमोर गाड्यांची रांग लागते. तो बोनेट उघडतो, आत कुंकवाचं बोट लावतो, अक्षता टाकतो, समोरच्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटतो आणि त्याची पहिली धार इंजिनावर सोडतो. "पहिला घोट इंजिनाले," असं म्हणून मग उरलेलं तीर्थ माणसांना. जुन्या जिपा हे पाणी मुकाट्यानं प्यायच्या. लोखंडच ते, त्याला काय होतंय!

तर ही गोष्ट गेल्या माघातली.

सोमवारी सकाळी योगिनीची पांढरी गाडी दोरानं बांधून ट्रॅक्टरमागं आली. योगिनी गावातलीच. नवऱ्या सजवायचं काम करते. मेकअप, केस, नऊवारी नेसवणं, सगळं. डोणगाव, मेहकर, लोणार, पार चिखलीकडच्या उंद्रीपर्यंत लगीनघरची माणसं तिला बोलावतात. सहा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडली तेव्हा डाव्या पायात लोखंडी सळई बसवावी लागली. तो पाय गुडघ्यात वाकत नाही. क्लच दाबायचा प्रश्नच नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनं ही जुनी पण ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लचचं पायडलच नाही. उजव्या पायानं गॅस आणि ब्रेक, गिअर गाडी आपली आपण टाकते. त्या दिवसापासून योगिनीला 'मले सोडून देता का' असं कोणाला म्हणावं लागलं नव्हतं.

"पुंजाभाऊ, हिनं माही इज्जत घालवली," गाडीतून उतरता उतरता ती म्हणाली. डोळे रडून सुजलेले होते. "काल लोणारले लगन होतं. मेहकरच्या पुढं चढावर दुसऱ्या गिअरच्या वर जाईचना. मंग एकदम न्यूट्रल. स्पीडच्या काट्याजवळ 'एन' अक्षर चमकून राह्यलं, आन् मागून ट्रक हॉर्न देऊन राह्यला. मी पोचले तं नवरीले तिच्या मावशीनं पावडर फासून उभं केलतं. पोरगी रडून राह्यली. तिची माय मले म्हणे, तुमच्यापायी माह्या पोरीचे फोटो गेले."

"याआधी झालतं असं?"

"दिवाळीपासून धक्के देते. बहुतेक डाव बंद करून चालू केली का नीट होये, म्हून म्या मनावर नाही घेतलं."

मागोमाग तिचा नवरा जीवन आला. त्याचं बियाण्याचं नि फवारणीच्या पंपांचं दुकान. माणूस वाईट नाही, पण तीन महिन्यांत चार वेळा गाडी लोटून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यानं उभ्या उभ्या सांगून टाकलं, "पुंजाभाऊ, जालन्याचा एक माणूस आहे, जशी आहे तशी घेतो म्हणते. पुढच्या शुक्रवारी येते. तोवर पाहून घ्या तुमी. नाई तं देऊन टाकतो. हिनं गावातच दुकान टाकावं, मेंदी काढावी. कोन्या घाटात मरण्यापरीस ते बरं."

योगिनीनं फक्त गाडीच्या टपावरची धूळ पदरानं पुसली. पुंजाजीनं ते पाहिलं. गाडी गेली की या पोरीचा पायच गेला, हे कळायला मिस्त्री कशाला पाहिजे?

त्यानं कामाला हात घातला. आधी बॅटरी पाहिली, ती ठणठणीत. फ्यूज पाहिले. गाडीच्या अंगाला बसणारी अर्थिंगची वायर घासून पुसून लावली. गिअर हलवणाऱ्या यंत्रात तेल भरपूर होतं. मग स्टिअरिंगखाली छोटं स्कॅनर खुपसलं. त्यावर अक्षरं आली, त्यांचा अर्थ एवढाच, की गिअरचं मॉड्यूल बोलत नाही. मॉड्यूल म्हणजे बॅटरीमागं बसवलेली वहीएवढी काळी चपटी डबी. गाडी किती वेगात आहे, चढ आहे की उतार, पाय किती दाबलाय, हे सगळं तिला कळतं. मग क्लच कधी दाबायचा, गिअर कोणता टाकायचा, हा हुकूम ती देते.

"म्हणजे काय, तुह्या डाव्या पायाचं काम ही डबी करते," पुंजाजीनं योगिनीला समजावलं. "आन् तिलेच लकवा मारला."

त्यानं डबीचा जाड वायरींचा प्लग उपसला. आत दोन पिनांवर हिरवं किटण चढलेलं. झालं! पुंजाजीचे डोळे चमकले. तो ताठ उभा राहिला. चहा प्यायला जमलेल्या चार माणसांसमोर त्यानं निकाल दिला, "पाणी! कोन्या तरी येड्या बह्याडानं इंजिनावर पाणी मारलं. ज्यानं मारलं त्याले म्या शोधून काढीन आन् याच झाडाले बांधीन!" आणि हे म्हणताना तो जीवनकडे असा काही पाहत होता, की सगळ्यांच्या माना तिकडेच वळल्या. फवारणीचे पंप कोणाच्या दुकानात असतात?

"मी नाही मारलं," जीवनचा चेहरा लाल झाला. "देवाशपथ नाही मारलं. ओल्या फडक्यानं पुसतो फक्त."

"मंग पाणी काय आभाळातून आलं?"

"तेच तं विचारून राह्यलो मी," जीवन म्हणाला आणि निघून गेला.

पुंजाजीनं नागपूरला फोन लावून नवी डबी मागवली. ती यायला बुधवार उलटून पुढचा बुधवार उजाडला. मधल्या दिवसांत योगिनीनं एक लग्न सोडलं. दुसऱ्याला ती एसटीनं गेली, मेकअपची पेटी मांडीवर आणि ताठ पाय मधल्या वाटेत. येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागून संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा सुजला.

डबी आली. पुंजाजीनं आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, बॅटरी उचलली, तिच्याखालचा ट्रे काढला, चार बोल्ट खोलून जुनी डबी बाहेर घेतली आणि नवी तिच्या जागी बसवली. प्लगच्या पिना नव्या टाकल्या. सगळं उलट्या क्रमानं जोडलं, देवाचं नाव घेतलं, चावी फिरवली. 'एन' अक्षर पुन्हा चमकायला लागलं.

"आता काय झालं हिले?" पुंजाजी स्वतःशीच बोलला. दुपार गेली, जेवण गेलं. पेचकस कानाला लावून ऐकावं तर डबी आवाज कशाला करते? शेवटी त्यानं चिखलीच्या अश्विनीला फोन केला. अश्विनी त्याच्या जुन्या दोस्ताची मुलगी. गाड्यांच्या कॉम्प्युटरचं काम शिकून आलेली, लॅपटॉप घेऊन गॅरेजा-गॅरेजांतून फिरते.

"काका, नवी डबी म्हणजे नवी सून," ती फोनवर हसली. "घरात कोण कोणाचं, कोण काय खाते, हे तिले सांगा लागते. मी उद्या सकाळी येते. आन् जुनी डबी उघडू नका बरं, मले तिच्यावरचा नंबर पाह्यजे. तुमचा हात शिवशिवत असन."

शिवशिवत होताच. पण पुंजाजीनं कशीबशी कळ काढली. जुनी डबी त्यानं फळीवर ठेवून दिली.

गुरुवारी अश्विनी आली, लॅपटॉपची वायर स्टिअरिंगखाली जोडली. गाडीचा नंबर नव्या डबीत भरला. मग म्हणाली, "आता क्लच कुठं पकडते आन् कुठं सोडते हे डबी स्वतः शिकीन. कोणी हात लावू नका." बोनेटखालून टक, टक, टक असा आवाज यायला लागला. कोणी पायडल दाबत नव्हतं, कोणी दांडा हलवत नव्हतं, आणि गाडी आपली आपण एकेक गिअर चाचपून पाहत होती. पुंजाजीनं पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या तोंडावर असं हसू आलं, की विमलबाई दारातून पाहतच राहिली.

"शिकून राह्यली बे!" तो कुजबुजला. "ऐक ना, शिकून राह्यली!"

'एन' चमकायचं थांबलं. योगिनीनं गाडी रस्त्यावर घेतली, पुंजाजी बाजूला बसला. पहिला, दुसरा, तिसरा. मेहकरच्या अंगाला चढ आला तसा डबीनं चौथ्याचा तिसरा केला, चढ संपला तसा पुन्हा चौथा. ना धक्का, ना अडखळणं. योगिनी स्टिअरिंगवर थाप मारून मोठ्यानं हसली आणि मग तिला रडू आलं. पुंजाजी खिडकीबाहेर हरभऱ्याची वावरं पाहत बसला.

पण संध्याकाळी जीवन आला तो तोंड पाडूनच. "चालली, चांगलं झालं. त्या माणसाले चालती गाडी भेटन."

"अहो, आता कायले विकता?" योगिनी कळवळली. "शनिवारी लोणारले जायचं हाय मले! त्याच लगीनघरच्या भावकीतलं लगन. एवढं एक डाव या म्हणून त्याइनंच बोलावलं."

"मले एवढं सांगा पुंजाभाऊ," जीवन मिस्त्रीकडे वळला. "पाणी गेलं म्हणता. म्या मारलं नाही. धुवायच्या सेंटरवर ही कधी गेली नाही. मंग पाणी आलं कुठून? कुठून तरी आलंच ना? म्हणजे गाडीतच कुठं तरी खोट हाय, आन् पुन्हा येईन. ही एकटी असन, चढ असन, मागं ट्रक असन. कारण सांगा, गाडी ठेवतो. कारण नाही तं उद्या अकराले तो माणूस येऊन राह्यला."

मिस्त्रीच्याच शब्दांत मिस्त्रीला पकडलं होतं की हो! काऊन गेला हे सांगते तो मिस्त्री. त्या दिवशी तो दुकानदारच ठरला.

शुक्रवारी उजाडताच तो शेडमध्ये आला. जुनी डबी घ्यायला फळीकडे हात नेला आणि थबकला. फळीवरून तांबड्या मुंग्यांची रांग चालली होती. खांबावरून वर, फळीवरून आडवी, आणि सरळ डबीच्या प्लगच्या खोबणीत. दुसरी रांग खोबणीतून परत.

शेजारी ग्रीसचा डबा होता, त्याला मुंगी नाही. कालच्या चहाचा कप होता, त्याच्याकडेही एखाद-दुसरीच. एवढी वरात डबीकडे कशाला निघाली? पुंजाजी स्टूल ओढून बसला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "पाण्याले तं मुंग्या लागत नाईत."

त्यानं मुंग्या फुंकून उडवल्या. बोट खोबणीच्या कडेला फिरवलं. चिकट लागलं. जिभेला लावलं. आंबूस, पण मागून गोड. आता त्याचं कुतूहल शिगेला पोचलं. पेचकसानं झाकण उचकटलं. आत हिरव्या पट्टीवर तपकिरी ओघळ वाळून बसला होता, चिंचोक्याच्या खळीसारखा. प्लगचं रबर जुनं होऊन चिरलं होतं, तिथून तो आत उतरलेला. हे एका दिवसाचं काम नव्हे. थोडं थोडं, वर्षा-वर्षानं गेलेलं. गोड काय असतं? चहा? उसाचा रस? बोनेट उघडून चहा कोण पितं?

खोबणीच्या तळाशी काही तरी अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं ते ओढलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. काळा पडलेला, पण एका अंगाला अजून लाल. कुंकवाचा लाल.

अक्षता!

पुंजाजीनं डबी उलटून तिची वरची बाजू उजेडात धरली. धुळीखाली एकावर एक बोटाचे तीन फिकट ठसे होते. तीन वर्षं, तीन दसरे. बॅटरीमागची ती चपटी जागा त्याला पहिल्याच वर्षी आवडली होती. कुंकू कसं छान बसतं, म्हणून बोट नेमकं तिथंच. अक्षता तिथंच. आणि नारळाची पहिली धारही तिथंच. पहिला घोट इंजिनाले!

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार माणसांत जीवनला चोर केलं, झाडाला बांधायच्या गोष्टी केल्या, आणि तो बह्याड कोण? करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

विमलबाई चहा घेऊन आली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिनं कप खाली ठेवला. पुंजाजीनं तिला दाणा दाखवला, ठसे दाखवले. ती बाई वीस दसरे त्याच्याशेजारी ताट धरून उभी राहिलेली. तिला सांगावं लागलं नाही.

"अगाई!" ती एवढंच म्हणाली. मग, "कोनाले मालूम हाय?"

"मले. आन् मुंग्याइले."

"मंग..." ती बोलता बोलता थांबली.

पुंजाजीला ते अर्धं वाक्य पुरं ऐकू आलं. मग राहू द्या ना. डबी पेटीत टाका, चिठ्ठी 'पाणी'. वीस वर्षांचं नाव आहे. दसऱ्याची रांग आहे. लोक म्हणतील, याच्याच हातानं गाड्या मरतात. आणि काय खोटं म्हणतील? नव्या गाड्यांपैकी आणखी किती जणींच्या डब्यांना त्यानं घोट पाजला असेल, देव जाणे. त्याला लाज वाटली, आणि भीतीही वाटली.

पण अकराला जालन्याचा माणूस येणार होता. कारण न कळलेली गाडी विकली जाणार होती. त्यानं वहीचं पान फाडलं, पेन शोधला.

दहाच्या सुमारास योगिनी आणि जीवन आले. जीवनच्या हातात गाडीचे कागद. योगिनीच्या हातात ताटली, कुंकू, अक्षता आणि शेंडीचं नारळ. रस्त्यावरची नेहमीची चार माणसंही येऊन उभी राहिली.

"पुंजाभाऊ, नव्या डबीले तुमच्या हातचं नारळ फोडा," ती म्हणाली. आवाजात काकुळती होती. "तुमच्या हाताले यश हाय. हे म्हणतात का विकू, पण तुमचं नारळ फुटलं तं याइचं मन फिरन, असं मले वाटते."

तिनं स्वतःच बोनेट उचललं. नवी काळी डबी उन्हात चकचकत होती. पुंजाजीनं नारळ हातात घेतलं. सगळे पाहत होते. त्यानं ते तसंच बोनेटपासून दूर नेलं आणि ओट्यावर ठेवलं.

"काऊन?" योगिनीचा चेहरा पडला. "काही अपशकुन हाय का?"

पुंजाजीनं जुनी डबी उचलून जीवनच्या हातात दिली. तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. "तुमी कारण मांगलं होतं ना. वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्याइले ऐकू जाऊ द्या."

जीवननं वाचलं, "नारळाचं पाणी. तीन दसरे. पुंजाजी मिस्त्रीच्या हातानं."

कोणालाच काही उमगेना. मग पुंजाजीनं सगळं दाखवलं. ठसे, ओघळ, दाणा. मुंग्या कशा आल्या तेही सांगितलं. सांगता सांगता, त्याचं त्यालाही नवल वाटलं, गडी रंगात आला. रबर कुठं चिरलं, पिन कशी सडली, साखर सुकल्यावर वीज कशी भलतीकडे धावते, हे हातवारे करून सांगायला लागला. मग त्याला आठवलं की आपण आरोपी आहोत, आणि तो गप्प झाला.

"गाडीत काही खोट नाई जीवनभाऊ," तो खाली मान घालून म्हणाला. "खोट माह्या हातात होती. तुमाले नाहक बोललो मी, चारचौघांत बोललो. माफी करा."

जीवन डबीकडे पाहत राहिला. "म्हणजे इथं नारळाचं पाणी गेलं नाही, तं ही पुन्हा बिघडणार नाही?"

"याच्यापायी तं नाई. नव्या डबीवर झाकणही बसवून देतो मी, माह्या हातानं. म्हणजे... तुमची हरकत नसन तं."

पण योगिनी भडकली होती. "ती पोरगी रडून राह्यली होती पुंजाभाऊ! जल्मात एक डाव लगन होते पोरीचं. आन् मी म्हणो माहंच नशीब खोटं. एसटीत माहा पाय सुजला. तुमचा हात देवाचा समजत होते मी!"

"बोल बाई," पुंजाजी म्हणाला. "तुहा हक्क हाय."

ती आणखी बोलली, मनातलं सगळं बोलली. तो ऐकत उभा राहिला. तिकडे जीवन बाजूला जाऊन फोनवर सांगत होता, "नाई भाऊ, येऊ नका. नाई, किमतीचं नाई. गाडी चांगली हाय म्हणूनच नाई." ते कानावर पडलं तशी योगिनीच्या बोलण्याची धार आपोआप कमी झाली. ती नवऱ्याकडे वळून पाहायला लागली. मग पुंजाजीकडे. मग ओट्यावरच्या नारळाकडे.

"फोडा," ती म्हणाली.

"माह्या हातानं नको आता."

"हात तोच पाह्यजे. ज्या हातानं स्वतःच्या नावाची चिठ्ठी लिहिली तोच. जागा बदला फक्त."

कडुनिंबाखाली एक काळा दगड आहे, त्यावर पुंजाजी टायर ठोकतो. तो विमलबाईनं लोटाभर पाण्यानं धुतला आणि खाली तांब्या धरला. पुंजाजीनं नारळ आपटलं. एका दणक्यात दोन भकलं झाली, पाणी तांब्यात. सवयीनं तो तांब्या घेऊन बोनेटकडे वळला आणि विमलबाईनं त्याचा सदरा मागून धरला, तशी रस्त्यावरची चारही माणसं खदाखदा हसली. योगिनीही हसली. पहिला घोट तिनं घेतला.

शनिवारी सकाळी पुंजाजीचा कामात जीव नव्हता. एका पिकअपचं चाक खोललं आणि तसंच ठेवलं. पहाटे सहाला योगिनी शेडवरून हॉर्न वाजवत गेली होती. मेहकर सुटलं असेल. चढ आला असेल. तिसरा पडला असेल का? त्यानं चार वेळा फोन काढून पाहिला आणि चार वेळा खिशात ठेवला. विमलबाई ओट्यावर खोबऱ्याच्या वड्या कापत होती.

फोन वाजला तेव्हा ग्रीसच्या हातानं तो उचलताच येईना. विमलबाईनं उचलून त्याच्या कानाला लावला. मागं सनईचा, भांड्यांचा, बायकांचा गलका होता. त्यातून योगिनीचा आवाज आला.

"पोचले पुंजाभाऊ. नवरी अजून झोपलेलीच हाय."